मनोविकारातील आकस्मिक उपचार : सर्वसाधारण रुग्णालयाची जबाबदारी

सन्माननीय विश्वस्त, सभासद व हितचिंतक यांनी आरंभीच ध्यानी घ्यावे की प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. औषधोपचाराविषयी येथे जे लिहिले आहे, ते आपल्या डॉक्टरांकडून समजून घेऊन लिहिले आहे. लिहिण्याचे कारण एका रात्री घडले.

पावसाळ्यातील त्या रात्री साठीच्या एका गृहस्थांना जीपमधून अपघात विभागात आणले गेले. हातपाय दोरीने बांधलेले, तोंडी अखंड शिव्या. दुपारपर्यंत शेतावर व्यवस्थित असलेला माणूस एकाएकी घरच्यांच्या अंगावर धावून गेला होता. आपल्याकडे पूर्णवेळ मनोविकारतज्ज्ञ नसल्याने अशा रुग्णास चिठ्ठी देऊन मनोरुग्णालयाकडे पाठवावे, असा आदेश मीच पूर्वी काढला होता. त्यानुसार चिठ्ठी तयार झाली. जीप वळत असता कामावरील सिस्टरांनी, कोणी न सांगता, रुग्णाच्या बोटातून रक्त घेऊन साखर तपासली. ती अवघी ३८ निघाली. मधुमेहाची गोळी घेऊन गृहस्थ दिवसभर उपाशी होते. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर थोड्याच वेळात त्यांनी मुलास विचारले, "मला बांधलंय कशाला रे?" मनोरुग्णालयाचा रस्ता चार तासांचा होता.

तो आदेश मी दुसऱ्याच दिवशी मागे घेतला.

'वेड लागले' म्हणून आणलेला प्रत्येक रुग्ण मनोरुग्ण असतोच असे नाही. साखर उतरणे, मेंदूज्वर, रक्तातील सोडियम घटणे, डोक्यास मार, धोतऱ्याची विषबाधा, दारू एकाएकी सुटल्यावर दोन-तीन दिवसांनी होणारा भ्रम, या सर्वांत माणूस असाच बरळतो. उतारवयात प्रथमच असे घडल्यास शारीरिक कारणाचा संशय आधी घ्यावा, असे आपले फिजिशियन बजावतात. ही तपासणी प्रयोगशाळा व प्राणवायूची सोय असलेल्या सर्वसाधारण रुग्णालयातच लवकर होऊ शकते.

कायद्याची अडचण आहे, हा समजही मी बाळगून होतो. तो चुकीचा होता. २०१८ पासून अंमलात असलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९४ नुसार, जिवास वा आरोग्यास गंभीर धोका असता कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, नामनिर्देशित प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने, कमाल ७२ तासांपर्यंत आकस्मिक उपचार करू शकतो. त्यात विजेच्या झटक्याचा उपचार मात्र वर्ज्य आहे. साखळीने बांधण्यास याच कायद्याची मनाई आहे. अन्य उपायच नसेल तर रुग्णास काही काळ जखडता येते. परंतु त्याची लेखी नोंद हवी व प्रतिनिधीस २४ तासांत कळविले पाहिजे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीवर तीव्र ताण होता असे कलम ११५ गृहीत धरते. विष प्यालेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना हे आवर्जून सांगावे लागते, कारण पोलिसांच्या भीतीने ते खरे कारण लपवितात आणि पोटात काय गेले हे कळण्यास उशीर होतो.

औषधांचा खर्च हा आमच्यासारख्यांचा पहिला प्रश्न. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये प्रक्षुब्ध रुग्णांवर झालेले दोन अभ्यास येथे उपयोगी पडतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०० रुग्णांच्या अभ्यासात हॅलोपेरिडॉल व प्रोमेथाझिन या जोडीची तुलना लोराझेपामशी केली गेली. दोहोंनी रुग्ण शांत झाले, जोडीने अधिक लवकर. २००७ च्या ३०० रुग्णांच्या अभ्यासात ओलान्झापिनच्या तुलनेत या जोडीनंतर पुन्हा औषध देण्याची गरज कमी भासली. ही दोन्ही इंजेक्शने जुनी व स्वस्त आहेत. हॅलोपेरिडॉलने मान किंवा जबडा आखडू शकतो, त्यास प्रोमेथाझिनने आळा बसतो. मात्र दारू सुटल्याने झालेल्या भ्रमात लोराझेपामसारखीच औषधे लागतात. म्हणूनच तपासणी आधी.

खतावणीत औषधांचा रकाना असा लहान राहतो. मोठा होतो तो माणसांचा. रुग्णास सुरक्षितपणे आवरण्यास पाच जण लागतात, त्यांतील एकाने केवळ त्याच्याशी सौम्यपणे बोलत राहावयाचे. इंजेक्शननंतर श्वास, नाडी व रक्तदाब वारंवार पाहावे लागतात. रुग्णास पालथे दाबून धरणे जिवावर बेतू शकते, हे आपल्या सुरक्षारक्षकांना ठाऊक नव्हते; त्यांना आता शिकविले आहे.

अपघात विभागालगतची भांडाराची खोली यासाठी रिकामी केली आहे. दार बाहेर उघडते, खाट सिस्टरांच्या नजरेसमोर आहे. दोरीऐवजी रुंद कापडी पट्टे शिवून घेतले. रात्रपाळीस पाचवा माणूस अद्याप मिळालेला नाही. तूर्त शस्त्रक्रिया विभागातील मामांना हाक मारावी लागते.