पऱ्हाटीच्या भाऱ्याचा जमाखर्च

कापसाची शेवटची वेचणी उरकली की फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यातील शिवारांत पऱ्हाटी उपटण्याचे काम सुरू होते. दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावात हे दृश्य दरवर्षीचे आहे. कापूस जिनात जातो, सरकीपासून तेल आणि ढेप मिळते, आणि मागे राहिलेल्या काड्यांचे भारे बांधून ते घरामागे रचले जातात. स्वयंपाकाचा गॅस आता बहुतेक घरांत आला आहे, हे खरे. तरीही सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून आंघोळीचे पाणी तापवायला, ढोरांसाठी सरकी शिजवायला किंवा पाहुण्यांचा मोठा स्वयंपाक करायला पऱ्हाटीची चूल अजूनही पेटते.

विद्यार्थी मित्रहो, शाळेच्या पुस्तकात आपण ऊर्जा अक्षय्यतेचा नियम शिकतो. ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्टही करता येत नाही. तिचे केवळ रूपांतर होते. हा नियम पाठ झाल्यावर वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, ‘‘सर, ऊर्जा नष्टच होत नसेल, तर ती वाचवा असे का सांगतात?’’ प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो ‘‘ते पुढच्या इयत्तेत येईल’’ असे म्हणून टाळणे बरे नव्हे. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण चुलीतील पऱ्हाटीचा जमाखर्च मांडून पाहू या.

प्रथम जमेची बाजू. उन्हात चांगली वाळलेली एक किलोग्रॅम पऱ्हाटी पूर्णपणे जाळली, तर सुमारे १६,००० किलोजूल उष्णता मिळते. समजा, गंजात ३ लिटर पाणी घेऊन ते २५ अंशांपासून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे आहे आणि त्यासाठी अर्धा किलोग्रॅम पऱ्हाटी लागली. म्हणजे जमा झाली ८,००० किलोजूल. आता खर्च पाहू. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला ४.२ किलोजूल लागतात. म्हणून पाण्याला मिळालेली उष्णता ३ × ४.२ × ७५ = ९४५ किलोजूल. आठ हजारांपैकी जेमतेम साडेनऊशे! चुलीची कार्यक्षमता सुमारे १२ टक्के झाली. साध्या मातीच्या किंवा तीन दगडांच्या चुलीबाबत साधारणपणे असाच, दहा ते पंधरा टक्क्यांचा, आकडा येतो. सगळी उष्णता पाण्यातच गेली असती, तर ६० ग्रॅम पऱ्हाटीत, म्हणजे मूठभर काड्यांत, काम भागले असते.

मग उरलेले सात हजार किलोजूल गेले कोठे? उष्णता वहन, अभिसरण आणि प्रारण या तीन मार्गांनी जाते, हे तुम्हांला ठाऊक आहे. चुलीत हे तिन्ही मार्ग एकाच वेळी चालू असतात आणि बहुतेक वाटा गंजाकडे न जाता भलतीकडेच जातात.

सर्वांत मोठी वाट ज्वाळेची. तापलेले वायू हलके होऊन वर चढतात, गंजाच्या बुडाला ओझरता स्पर्श करतात आणि कडेने निसटून जातात. हे अभिसरण. गंज आणि चुलीचे तोंड यांत जितकी फट जास्त, तितके हे वायू न थांबता पळतात. दुसरी वाट प्रारणाची. चुलीसमोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर जी आच लागते, ती हवेतून वाहत आलेली नसते. निखाऱ्यांपासून सरळ प्रारणाने आलेली असते. मध्ये एखादा पुठ्ठा धरा, आच तत्काळ थांबते. तिसरी वाट खुद्द चुलीच्या अंगात जाते. चूल २० किलोग्रॅम मातीची असेल आणि तिचे तापमान सरासरी १०० अंशांनी वाढले असेल, तर मातीचा विशिष्ट उष्मा ०.८५ धरून ती १,७०० किलोजूल पिऊन टाकते. म्हणजे पाण्याला मिळाले त्याच्या जवळजवळ दुप्पट! पहिल्या भाकरीला वेळ लागतो आणि नंतरच्या भराभर होतात, त्याचे एक कारण हे आहे. एकदा चूल पेटली की सगळे काम ओळीने उरकून घेण्याची घरच्या बायांची रीत भौतिकीच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे.

राहिला धूर. धूर म्हणजे न जळलेले इंधन. त्यात काजळीचे बारीक कण असतात, कार्बन मोनॉक्साइड असतो, अर्धवट जळलेले इतर वायू असतात. हे सर्व नीट जळते तर त्यांतूनही उष्णता मिळाली असती. ती तर मिळत नाहीच, उलट ते कण चूल फुंकणाऱ्या बाईच्या डोळ्यांत आणि फुप्फुसांत जातात. इंधनाची नासाडी आणि छातीचा विकार ही एकाच कारणाची दोन फळे आहेत.

पऱ्हाटी ओली असेल तर हिशेब आणखीच बिघडतो. नुकत्याच उपटलेल्या अर्धा किलोग्रॅम पऱ्हाटीत २०० ग्रॅम पाणी आहे, असे समजा. जळणारा भाग उरला तीनशे ग्रॅमच. शिवाय त्या पाण्याला तापवायला ६३ आणि त्याची वाफ करायला सुमारे ४५० किलोजूल लागणार. एवढी उष्णता चुलीतच खर्च झाल्यामुळे ज्वाळा थंडावते, ज्वलन अपुरे होते आणि घर धुराने भरते. म्हणून पऱ्हाटी वाळू द्यावी. मात्र भारे पुढच्या हंगामापर्यंत शेताच्या बांधावर ठेवू नयेत. काडीला चिकटून राहिलेल्या न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि नव्या पिकावर येते. २०१७ साली विदर्भाने या अळीचा तडाखा चांगलाच अनुभवला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वरच्या हिशेबातील एकही किलोजूल नष्ट झालेला नाही. सात हजारांचे सात हजार कोठे ना कोठे आहेतच. पण कोणत्या अवस्थेत? समजा, ती उष्णता अखेर एक हेक्टर शेतावरच्या, दहा मीटर उंचीपर्यंतच्या हवेत समप्रमाणात पसरली. या हवेचे वस्तुमान सुमारे १,२०,००० किलोग्रॅम भरते. एक किलोग्रॅम हवा एक अंशाने तापवायला एक किलोजूल लागतो, असे धरले तर तापमानवाढ होईल ०.०६ अंश! साध्या तापमापीवर ती दिसणारही नाही. हवेतील ते सात हजार किलोजूल गोळा करून कपभर चहा उकळता येईल काय? येणार नाही. उष्णता आपण होऊन उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, उलट जात नाही. तेव्हा टंचाई ऊर्जेची नसते; कामाला लावता येईल अशा, एकवटलेल्या ऊर्जेची असते. ‘ऊर्जा वाचवा’ याचा नेमका अर्थ ‘ती कामाविना विखुरू देऊ नका’ असा आहे.

हे विखुरणे किती टाळता येईल, हे मात्र यंत्रावर अवलंबून असते. मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळला जाणारी ‘शकुंतला’ ही अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी तुमच्या आजी-आजोबांना चांगली आठवत असेल. ११३ किलोमीटरच्या या मार्गावर आज गाडी धावत नाही. पण १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनविलेले वाफेचे इंजिन ती एप्रिल १९९४ पर्यंत ओढत होते. नंतर डिझेल इंजिन आले. वाफेचे इंजिन म्हणजे चाकांवरची चूलच. परंतु तिच्यात आणि घरच्या चुलीत एक महत्त्वाचा फरक आहे. घरच्या चुलीला उष्णतेची उष्णताच पोहोचवायची असते. इंजिनाला उष्णतेपासून गती निर्माण करायची असते. बाष्पकातील वाफ १९० अंशांवर आहे आणि काम करून ती १०० अंशांवर बाहेर पडते, असे मानू. निरपेक्ष मापात ही तापमाने ४६३ आणि ३७३ केल्विन. फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ साली मांडलेल्या विचारानुसार अशा इंजिनाची कार्यक्षमता, ते कितीही उत्तम बनवा, (४६३ − ३७३) ÷ ४६३, म्हणजे सुमारे १९ टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. प्रत्यक्षात जुनी वाफेची इंजिने दहा टक्क्यांच्याही आत असत. तेथे निसर्गानेच मर्यादा घातली आहे. घरच्या चुलीला अशी मर्यादा नाही! तिचे नुकसान हे केवळ रचनेचे नुकसान आहे, आणि रचना आपल्या हातात असते.

विजेच्या शेगडीची तुलना येथे मनोरंजक ठरेल. शेगडीवर दिलेल्या विजेतील ऐंशी टक्क्यांहून अधिक ऊर्जा पाण्यात उतरू शकते, म्हणून ती फार काटकसरी वाटते. पण ती वीज कोळशावरच्या केंद्रातून आली असेल, तर कोळशातील ऊर्जेच्या साधारण एक तृतीयांशाचीच वीज झालेली असते. दोन्हींचा गुणाकार केला की आकडा पंचवीस-तीस टक्क्यांवर येतो. तो कोळसा याच जिल्ह्यात वणीला निघतो. पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या वनस्पतींनी साठविलेले ते ऊन आहे. पऱ्हाटीत साठलेले ऊन मात्र गेल्या पावसाळ्यापासूनचेच. आणि ताजे ऊन हवे असेल तर भर दुपारी एक चौरस मीटर अंगणावर तासाभरात सुमारे ३,६०० किलोजूल पडतात, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम पऱ्हाटीइतके. सौरचूल हेच ऊन पेटीत अडकवून ठेवते.

चूल सुधारायची कशी? ज्वाळेला खालून हवा मिळावी म्हणून लोखंडी जाळी बसविणे, गंज चुलीत थोडा खोल बसेल आणि भोवती बोटभरच फट राहील असे तोंड करणे, ही त्याची सूत्रे. १९८०च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा मोठा कार्यक्रम हाती घेतला होता. कित्येक चुली पुढे मोडल्या, कित्येकांची धुराडी काजळीने तुंबली. चूल बांधून दिली की काम संपते, असे मानल्यावर दुसरे काय होणार? पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचा ‘सराई’ कुकर पाहा. त्यात सुमारे शंभर ग्रॅम कांडीकोळशावर एका कुटुंबाचा वरण-भात-भाजी वाफेवर शिजते, कारण गरम वायू भांड्याभोवतीच्या आवरणातून वर जाताना आपली उष्णता भांड्याला देऊन जातात.

नवी चूल नसली तरी झाकण सर्वांकडे असते. उघड्या गंजातून १०० ग्रॅम पाण्याची वाफ झाली, तर सुमारे २२६ किलोजूल उडून जातात. तेवढ्यात ३ लिटर पाणी १८ अंशांनी तापले असते. एकदा उकळी फुटल्यावर जाळ वाढवून अन्न लवकर शिजत नाही, कारण पाण्याचे तापमान तेथेच थांबते. वाढते ती फक्त वाफ. उकळी आली की दोन काड्या बाहेर ओढाव्यात.

हा हिशेब तुम्हांला स्वतः पडताळून पाहता येईल. घरातील मोठ्या माणसांना सोबत घेऊन, वारा नसताना, गार चुलीपासून आरंभ करा. पऱ्हाटी तोलून घ्या, ३ लिटर पाण्याचे तापमान टिपून ठेवा, आणि उकळी येताच जाळ विझवून उरलेली काडी वाळवून पुन्हा तोला. निखारेही थंड झाल्यावर वेगळे तोला. त्यांत उष्णता शिल्लक असते, ती खर्चात धरू नका. कोळशाचा उष्मांक पऱ्हाटीच्या दीडपटीहून अधिक असतो, हे ध्यानात ठेवा. एक दिवस झाकण ठेवून आणि दुसऱ्या दिवशी झाकणाशिवाय असे दोनदा करा. चूल दोन्ही वेळा तीच हवी, गंजही तोच हवा, नाहीतर फरक झाकणाचा की भांड्याचा, हे कळणार नाही.