मुंबईच्या प्लेगचे गणित आणि त्याचा ताळा

शाळेत गणित सोडवून झाले की गुरुजी म्हणत, "आता ताळा करून पाहा." ताळा जमल्याशिवाय पाटी पुढे करायची नाही, असा त्यांचा दंडक होता. जीवशास्त्रातील गणिती प्रतिमानांविषयी वाचताना मला तो दंडक पुन्हा आठवला.

प्रतिमान म्हणजे सजीवांच्या एखाद्या व्यवहाराची समीकरणांत केलेली मांडणी. साथ कशी पसरते, हृदयाची पेशी ठोका कसा देते, हे त्यातून अजमावता येते. मी इतिहासाचा विद्यार्थी, म्हणून उदाहरण मुंबईचे घेतो.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि पुढे वर्षानुवर्षे परतत राहिला. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात तेथे दर आठवड्यास प्लेगने किती माणसे दगावली, ते आकडे एडिंबरोच्या केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी १९२७ सालच्या आपल्या निबंधात वापरले. मॅकेन्ड्रिक पूर्वी हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत होते. केरमॅक १९२४ साली प्रयोगशाळेतील अपघातात अंध झाले होते.

आलेखासोबत त्यांनी आपले सूत्रही छापले. त्यात आकडे तीनच: ८९०, ०.२ आणि ३.४. आमच्या गणिताच्या सरांकडून ते समजावून घेऊन मी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. सतराव्या आठवड्यास ८९० मृत्यू आले, बाराव्यास सुमारे ३७४ आणि बाविसाव्यासही तितकेच. साथ जशी चढली तशीच उतरली. कला शाखेच्या विद्यार्थ्याला इतक्या वर्षांनी हा ताळा करता आला, कारण कर्त्यांनी काहीच झाकून ठेवले नव्हते. प्लेग मुळात उंदरांचा, आणि आपली गृहीते तंतोतंत खरी नाहीत, हेही त्यांनी तेथेच नमूद केले होते.

याच मोकळेपणामुळे २०१२ साली निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाला ते प्रतिमान पुन्हा तपासता आले. मुंबईची साथ ऋतुमानाप्रमाणे चढत-उतरत असे आणि सूत्रातून निघणारी मूल्ये वास्तवाला धरून नाहीत, असे त्याने दाखवले. म्हणजे वक्ररेषा जुळली, तरी कारण जुळले नव्हते!

आज तीन आकड्यांच्या जागी शेकडो आकडे असतात आणि ती आकडेमोड संगणक करतो. अशा प्रतिमानाचा ताळा नुसता निबंध वाचून होत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ४५५ प्रतिमाने त्यांच्या निबंधांवरून पुन्हा चालवून पाहिली गेली. जवळजवळ निम्म्यांचे छापील निष्कर्ष हाती आले नाहीत. कोठे एखादे मूल्य दिलेले नव्हते, कोठे आरंभीची स्थिती गाळलेली होती, कोठे चिन्हच चुकले होते.

यावर उपाय म्हणून प्रतिमाने लिहिण्याची एक सामाईक संगणकीय भाषा ठरवण्यात आली. २००५ पासून इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ 'बायोमॉडेल्स' हे प्रतिमानांचे खुले भांडार चालू आहे. ग्रंथालयातून पुस्तक न्यावे तसे तेथून कोणीही प्रतिमान घ्यावे, चालवून पाहावे आणि त्यावर आपले पुढील काम उभारावे.

हा केवळ विद्वानांचा प्रश्न आहे काय? मार्च २०२० मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने कोरोनाच्या साथीचे भाकीत मांडले तेव्हा त्यामागील संगणकाची आज्ञावली लोकांपुढे नव्हती. ती पुढे खुली झाली, आणि जूनमध्ये केंब्रिजच्या एका संशोधकाने ती चालवून निष्कर्ष जुळतात असे सांगितले. मधल्या काळात मात्र कोट्यवधी माणसे घरात बसली होती आणि त्या गणितावर विश्वास ठेवावा की नाही, यावर वाद चालला होता.

मित्रहो, आपले गणित दुसऱ्याच्या हाती देण्यात चूक उघडी पडण्याचे भय असते. पण मुंबईतील त्या मृत्यूंचे आकडे पाहताना मला वाटले, की ज्या उत्तरावर माणसांचे जगणे अवलंबून आहे, त्याची पाटी झाकून ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही.