सायकलीच्या दात्यांचे गणित

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• सायकलीच्या दात्यांचे गुणोत्तर काढता येईल;
• गुणोत्तर बदलल्यास बळ आणि वेग यांवर काय परिणाम होतो, ते स्पष्ट करता येईल;
• आपल्या गरजेनुसार योग्य गुणोत्तर निवडता येईल.

प्रस्तावना

चढ लागला की सायकलस्वार आसनावरून उठतो आणि अंगाचा सारा भार पायडलवर टाकतो. उतारावर मात्र त्याचे पाय भरभर फिरतात, पण पायांना काही जोरच लागत नाही. सायकल तीच, माणूसही तोच. मग असे का होते? या प्रश्नाचे उत्तर चेन ज्या दोन दातेरी चक्रांवरून फिरते, त्यांच्या दात्यांत आहे. अनेक गिअर असलेल्या सायकलीत चढउतारानुसार चक्र बदलता येते. बीएमएक्स सायकलीला मात्र एकच गिअर असतो. म्हणून तो आधीच विचारपूर्वक निवडावा लागतो.

पाठ

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात मुले मोटारसायकलींच्या मातीतील शर्यतींची नक्कल आपल्या छोट्या सायकलींवर करू लागली. त्या शर्यतींना मोटोक्रॉस म्हणत. ‘बायसिकल मोटोक्रॉस’ या नावातील ‘क्रॉस’साठी फुलीसारखे दिसणारे ‘एक्स’ हे अक्षर घेतले गेले आणि ‘बीएमएक्स’ हे नाव रूढ झाले. मुलांचा हा खेळ पुढे २००८ साली बीजिंग येथील ऑलिंपिकमध्ये दाखल झाला.

या शर्यतीत आठ स्पर्धक एका उतारावर फाटकाशी उभे असतात. फाटक पडताच सर्व जण एकदम सुटतात. पहिल्या वळणावर जो पुढे असतो, त्याला मोकळी वाट मिळते; मागच्याला गर्दीतून मार्ग काढावा लागतो. सारी शर्यत एका मिनिटाच्या आत संपते. म्हणजे सुटतानाचे बळ आणि नंतरचा वेग, ही दोन्ही कामे स्पर्धकाला एकाच गिअरवर साधायची असतात.

आता गणित पाहू. पायडलजवळच्या मोठ्या चक्राचे दाते मोजा आणि त्या संख्येला मागच्या लहान चक्राच्या दात्यांच्या संख्येने भागा. पुढे ४४ आणि मागे १६ दाते असतील, तर ४४ ÷ १६ = २.७५. पायडल एकदा पूर्ण फिरले, की मागचे चाक पावणेतीन वेळा फिरते, असा याचा अर्थ. बीएमएक्सचे चाक २० इंची असते आणि त्याचा घेर सुमारे दीड मीटर भरतो. म्हणून पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ४ मीटर १२ सेंटीमीटर पुढे जाते. मिनिटाला १२० फेरे मारले, तर वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास होतो.

गुणोत्तर वाढवले, तर एका फेऱ्यात अंतर अधिक कापले जाते. पण पायांना जोरही अधिक लावावा लागतो. गुणोत्तर कमी केले, तर सुटणे सोपे होते. परंतु वेग वाढू लागला की पाय चाकाला पुरे पडत नाहीत. यंत्र फुकट काहीच देत नाही. बळात जे वाचते, ते अंतरात भरून द्यावे लागते.

मग निवड कशी करावी? २.७५च्या जवळपासचे गुणोत्तर हा बीएमएक्समधील जुना आणि रुळलेला आरंभबिंदू आहे. तेथून सुरुवात करून एका वेळी एकच दाता बदलावा. मागचा एक दाता कमी केला, म्हणजे १६ ऐवजी १५ केले, तर गुणोत्तर २.९३ होते. हा फरक पायांना लगेच जाणवतो. पुढचा एक दाता कमी केला, म्हणजे ४४ ऐवजी ४३ केले, तर गुणोत्तर २.६९ होते. हा फरक लहान असतो. म्हणून मोठा बदल मागच्या चक्रात आणि बारीक बदल पुढच्या चक्रात करावा. किशोरवयीन किंवा नवख्या स्वाराने थोडे हलके गुणोत्तर घ्यावे. जड गिअर रेटल्याने गुडघ्यांवर ताण येतो आणि सुटतानाही मागे पडायला होते.

एकच गुणोत्तर निरनिराळ्या चक्रांनी मिळू शकते. पुढे २५ आणि मागे ९ दाते घेतले, तर गुणोत्तर २.७८ येते. ते ४४ आणि १६च्या अगदी जवळचे आहे. कठड्यांवरून सायकल घसरवत नेण्याच्या कसरती करणारे स्वार अशी लहान चक्रे वापरतात. ती वजनाला हलकी असतात आणि कठड्यावर आपटत नाहीत. मात्र लहान चक्रामुळे चेनवर अधिक ताण येतो. थोड्याच दात्यांवर सारा भार पडल्याने झीजही लवकर होते. ज्याला कसरती करायच्या नाहीत आणि खर्चही आटोक्यात ठेवायचा आहे, त्याला मोठी चक्रेच परवडतात.

चक्र बदलल्यावर मागचे चाक त्याच्या खाचेत पुढेमागे सरकवून चेन पुन्हा ताणून घ्यावी. चेन मध्यभागी बोटाने दाबली असता साधारण एक सेंटीमीटर हलली पाहिजे. ती फार सैल राहिली, तर ऐन जोराच्या क्षणी उतरते आणि स्वार पडतो.

हे गणित येणाऱ्याला दुकानदाराच्या शब्दावर विसंबून राहावे लागत नाही. ‘मोठे चक्र म्हणजे जोरदार सायकल’ असे कोणी म्हणाले, तर तो आधी मागचे दाते मोजतो.

पाठगत प्रश्न

१. पुढे ३९ आणि मागे १३ दाते असल्यास गुणोत्तर किती?
२. त्या गुणोत्तरावर २० इंची चाकाची बीएमएक्स सायकल पायडलच्या एका फेऱ्यात किती अंतर जाईल?

शब्दार्थ

गुणोत्तर – एका संख्येला दुसऱ्या संख्येने भागून मिळणारा संबंध
घेर – परीघ
आरंभबिंदू – सुरुवातीची जागा
विसंबणे – भरवसा ठेवून राहणे

तुम्ही काय शिकलात?

• पुढचे दाते भागिले मागचे दाते म्हणजे गुणोत्तर.
• गुणोत्तर वाढले की वेगाला वाव मिळतो. कमी झाले की सुटणे सोपे होते.
• योग्य गुणोत्तर स्वाराच्या ताकदीवर, वाटेवर आणि उद्देशावर अवलंबून असते.

स्वाध्याय

१. ‘यंत्र फुकट काहीच देत नाही’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. लहान चक्रांचे फायदे आणि तोटे सांगा.
३. उपक्रम : घरच्या किंवा शेजारच्या सायकलीचे दाते मोजून गुणोत्तर काढा. जमिनीवर खडूने खूण करा, पायडल एक पूर्ण फेरा फिरवत सायकल पुढे न्या आणि अंतर मोजा. सायकलीचा मालक ती कोणत्या कामासाठी वापरतो, हे विचारून ते गुणोत्तर त्या कामाला योग्य आहे का, यावर आपले मत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. ३
२. सुमारे साडेचार मीटर