हन्नाने उत्तर दिले

शास्त्रपाठ: १ शमुवेल १:१–२०
जोडवाचन: यशया ५६:३–५, योहान ९:१–३



मी देवपूरला राहते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका रविवारी, मातृदिनाच्या उपासनेत, “सर्व आयांनी उभे राहावे” अशी सूचना झाली. मुले फुले घेऊन ओळींमधून फिरू लागली. माझ्या दोन्ही बाजूंच्या बहिणी उभ्या राहिल्या. मी बसून राहिले. त्याच्या तीनच आठवडे आधी माझा दुसरा गर्भ चौथ्या महिन्यात गेला होता. एक लहान मुलगी फूल घेऊन माझ्यापर्यंत आली, मी बसलेली पाहून थबकली आणि पुढच्या बाईकडे गेली. तिची काहीच चूक नव्हती. सूचना देणाऱ्यांचा हेतूही चांगलाच होता. पण मी कोण, उभे राहणाऱ्यांतली की बसणाऱ्यांतली, हे मला त्या दिवशी सांगता आले नाही.

त्यानंतर हन्नाची गोष्ट मी पुन्हा वाचायला घेतली. लहानपणापासून ऐकलेली असूनही तिच्यातली एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. तीच आजच्या पाठात तुमच्यापुढे ठेवते.

शिलो येथे काय घडले

एलकानाला दोन बायका होत्या. पनिन्नाला मुले होती, हन्नाला नव्हती. दरवर्षी सगळे कुटुंब शिलो येथे यज्ञासाठी जाई आणि दरवर्षी पनिन्ना हन्नाला डिवचून रडवी. हन्ना जेवत नसे. म्हणजे सगळ्यांच्या आनंदाचा दिवस तिच्यासाठी सर्वांत जड दिवस होता. आपल्याकडच्या कितीतरी बहिणींना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. जावेचे डोहाळजेवण, नणंदेच्या बाळाचे बारसे, ओटी भरताना आपल्याला टाळून पुढे गेलेला हात. शिलो त्यांना ओळखीचे आहे.

एलकाना वाईट नवरा नव्हता. त्याचे तिच्यावर प्रेम होते आणि तो तिला वाटाही मोठा देई. पण तिला रडताना पाहून त्याने विचारले की ती का रडते, आणि मुलांच्या जागी तो तिला पुरेसा नाही का. त्याच्या बोलण्यात माया आहे, पण उत्तर ऐकायला तो थांबलेला दिसत नाही. “मी आहे ना, मग कशाला रडतेस?” असे म्हणणारे पुष्कळ भले नवरे आपल्यातही आहेत.

मग हन्ना उठली आणि मंदिरात गेली. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. दारापाशी बसलेल्या एली याजकाला ती दारू प्यालेली वाटली आणि त्याने तिला तसे सुनावले.

इथे थांबा. समोर देवाचा याजक आहे, वयाने आणि मानाने मोठा. तो चुकला आहे. हन्ना मान खाली घालून निघून जाऊ शकली असती. तिने तसे केले नाही. तिने आदराने, पण स्पष्ट उत्तर दिले: आपण प्यालेलो नाही, आपण दुःखी आहोत, मन देवापुढे मोकळे करत होतो, आपल्याला वाईट चालीची बाई समजू नये. एलीने आपले मत बदलले आणि तिला शांतीने जाण्याचा आशीर्वाद दिला.

आता अठरावे वचन नीट वाचा. ती परत गेली, जेवली आणि तिचा चेहरा पूर्वीसारखा उदास राहिला नाही. शमुवेल अजून पोटातही नव्हता. मूल झाल्यावर तिची मान वर झाली असे आपण समजतो. शास्त्र सांगते की ती आधीच वर झाली होती. तिने आपले दुःख स्वतःच्या शब्दांत सांगितले, ते ऐकले गेले, आणि ती जेवायला बसली.

आजच्या पाठाचा गाभा एवढाच आहे.

आपली किंमत कुठे ठरते

हन्नाला पुढे मूल झाले म्हणून आपण ही गोष्ट “विश्वास ठेव, तुलाही होईल” असे सांगायला वापरतो. कृपा करून तसे करू नका. प्रत्येक हन्नाला शमुवेल मिळत नाही. ज्यांना मिळत नाही त्यांचा विश्वास कमी पडला, असा अर्थ त्यातून निघतो आणि आधीच जखमी झालेल्या बाईवर आणखी एक घाव बसतो.

यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायात ज्यांना संतती होणार नाही अशांना देव आपल्या घरात जागा देतो, आणि पुत्र व कन्या यांच्यापेक्षाही चांगले नाव देण्याचे वचन देतो. त्यांना मुले होतील असे तो तिथे म्हणत नाही. ते जसे आहेत तसे त्यांचे नाव टिकेल, असे म्हणतो. आणि योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य “पाप कोणाचे?” असे विचारतात तेव्हा प्रभू तो प्रश्नच बाजूला सारतो. आंधळ्या माणसाच्या बाबतीत जे त्याने केले, ते रिकाम्या पाळण्याच्या बाबतीत आपण का करू नये?

दोष कोणाचा, याविषयी थोडी माहिती

वर्षभर नियमित संबंध असूनही गर्भ राहिला नाही, तर त्याला वैद्यकीय भाषेत वंध्यत्व म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले की जगात साधारण सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधीतरी हा अनुभव येतो. यात पुरुषाकडील कारणाचा वाटा जवळजवळ निम्म्या जोडप्यांत असतो. तरी तपासणीला बहुतेक वेळा एकटी सूनच पाठवली जाते. पुरुषाची वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासण्यांपैकी एक आहे. ती सुरुवातीलाच व्हायला हवी.

गर्भपाताचेही तसेच. राहिल्याचे कळलेल्या दर १०० गर्भांपैकी साधारण १० ते १५ आपोआप पडतात. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते. हंडा उचलला, ग्रहणात बाहेर गेली, कुणाची नजर लागली, यामुळे ते होत नाही. हे वाक्य मला कुणीतरी पहिल्याच वेळी सांगायला हवे होते. “त्या दिवशी मी पाण्याची कळशी उचलली नसती तर” हा हिशोब मी दीड वर्ष करत राहिले.

काही कारणे मात्र शोधता येतात आणि त्यांवर उपचारही होतात: थायरॉइड, मधुमेह, गर्भपिशवीचा क्षयरोग. आपल्या धुळे–नंदुरबार भागातल्या भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी बांधवांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेल असलेल्या मातेला गरोदरपणात जास्त धोका असतो, म्हणून तिची देखरेख मोठ्या रुग्णालयात व्हावी. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे आणि सरकारी आरोग्य केंद्रांत रक्त तपासून मिळते. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाच्या वेळी बाळाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते. हे लग्नाआधी कळलेले बरे.

कुठे आणि कसे बोलावे

*दवाखान्यात.* दुसऱ्या वेळी तपासणीनंतर डॉक्टर माझ्या सासूबाईंशी बोलत होत्या. फाइल माझी, पोट माझे, आणि मी बाकावर. त्या दिवशी मी प्रथमच उठून म्हणाले, “मॅडम, हे मला सांगा. मला कळेल.” आवाज कापत होता. त्यांनी खुर्ची पुढे केली. थायरॉइडची गोष्ट मला तेव्हा कळली. पहिल्या वेळच्या कागदावरही ती लिहिलेली होती.

म्हणून बहिणींनो, प्रश्न घरूनच कागदावर लिहून न्या. लिहिता येत नसेल तर आशाताईंना किंवा मुलीला सांगून लिहून घ्या. काय झाले? का झाले असावे? आणखी कोणती तपासणी लागेल? नवऱ्याची कोणती? पुन्हा कधी प्रयत्न करावा? कागदाची प्रत मागा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर गर्भपातानंतर ‘अँटी-डी’ इंजेक्शन लागते का, हे त्याच वेळी विचारा, कारण ते ७२ तासांच्या आत द्यायचे असते. रक्तस्राव थांबत नसेल, ताप असेल किंवा चक्कर येत असेल तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

*घरात.* “वांझोटी” हा शब्द ऐकून घेणे हे सुनेचे कर्तव्य नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून केलेला अपमान आणि टोमणे यांना हिंसाच मानतो. कायद्यात ते तसे स्पष्ट लिहिले आहे. संरक्षण अधिकारी किंवा १८१ ही महिला मदतवाहिनी यांच्याकडे जाता येते. प्रत्येक घरात तिथपर्यंत जावे लागत नाही. पुष्कळदा नवऱ्याने आईला एकदा सांगितले तरी पुरते: “तपासणी माझीही झाली आहे. तिला काही बोलू नकोस.”

*कामाच्या ठिकाणी.* प्रसूती लाभाचा कायदा ज्या आस्थापनांना लागू आहे, तिथे गर्भपातानंतर दाखला दिल्यावर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. शाळेत, दवाखान्यात, कारखान्यात नोकरी करणाऱ्या आपल्या कितीतरी बहिणींना हे ठाऊक नसते आणि त्या चौथ्या दिवशी कामावर उभ्या राहतात.

पाड्यावर

आमच्या सेविका साक्री, शिरपूर आणि सातपुड्याच्या पाड्यांवर जातात तेव्हा हा प्रश्न आणखी जड होतो. मूल नसलेल्या किंवा मुले दगावलेल्या बाईवर ‘डाकीण’ असल्याचा आळ येऊ शकतो आणि मग प्रश्न अब्रूचा न राहता जिवाचा होतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा आळ घेऊन छळ करणे हा गुन्हा ठरवला आहे. दैवी शक्तीने मूल देतो असे सांगून बाईशी शरीरसंबंध ठेवणे हाही त्याच कायद्याखाली गुन्हा आहे. सेवकांनी हे कायदे समजून घ्यावेत. भगताकडे गेलेल्या बाईला मात्र रागावू नये. ती आशेने गेली होती. तिच्याबरोबर आरोग्य केंद्रापर्यंत चालत जावे.

महाराष्ट्रातले एक घर

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना स्वतःचे मूल झाले नाही. दुसरे लग्न करण्याचा आग्रह जोतीरावांना झाला, पण त्यांनी तो मानला नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी त्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत याला दत्तक घेतले. तो डॉक्टर झाला. १८९० मध्ये जोतीराव वारले तेव्हा सावित्रीबाई अंत्ययात्रेत स्वतः टिटवे धरून चालल्या. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच त्यांचा अंत झाला. त्या बाईला अपुरी म्हणायला कुणाची जीभ वळेल?

दत्तक हा दुःखावरचा तोडगा म्हणून कुणाला सुचवू नका. मन तयार झाले तरच तो मार्ग घ्यावा, आणि ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणामार्फतच घ्यावा. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे ख्रिस्ती जोडप्यालाही कायदेशीर दत्तक घेता येते. ओळखीतून परस्पर मूल आणणे बेकायदेशीर आहे.

मंडळीने काय करावे

पोटात गेलेल्या बाळासाठीही प्रार्थना करा. मृत जन्मलेल्या बाळाची नोंद सरकारदरबारी होते, मग आपल्या प्रार्थनेत का होऊ नये? आईवडिलांनी नाव ठेवले असेल तर ते नाव घ्या. वडिलांनाही भेटा, कारण त्यांना कुणी विचारत नाही. “देवाची इच्छा”, “अजून वय आहे” असे म्हणण्यापेक्षा भाकरी-भाजीचा डबा घेऊन जा आणि गप्प बसा. दुःख फार काळ उतरत नसेल, जेवण-झोप सुटली असेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर बोलता येते. आणि मातृदिनी कुणाला उभे राहायला सांगू नका. फुले द्यायची तर सर्व बहिणींना द्या.

आमच्या घरी पाळणा हलला नाही. आता मी ते रडू न येता सांगू शकते, आणि कधी रडू आले तर येऊ देते. पुढच्या वर्षी मातृदिनाआधी मी आमच्या पाळकांना भेटून माझे म्हणणे सांगितले. एलीसारखे त्यांनीही ऐकले. त्या रविवारी फूल माझ्याही हातात होते. घरी येऊन मी पोटभर जेवले.

चर्चेसाठी प्रश्न

१. एलकाना आणि एली या दोघांनी हन्नाशी केलेल्या बोलण्यात काय चुकले आणि काय बरोबर होते?
२. हन्नाचा चेहरा मूल होण्याआधीच बदलला. यावरून आपण काय शिकतो?
३. आपल्या मंडळीतल्या कोणत्या चालीरीतींमुळे मूल नसलेल्या जोडप्यांना दूर पडल्यासारखे वाटते? त्यांतली एक या तिमाहीत बदलता येईल का?
४. तुमच्या पाड्यावर किंवा गल्लीत अशी एखादी बहीण आहे का, जिच्याबरोबर दवाखान्यात जायला कुणी नाही?

प्रार्थनेचे विषय

गर्भ गमावलेल्या आईवडिलांसाठी. मुलाची वाट पाहणाऱ्या जोडप्यांसाठी. ज्यांनी वाट पाहणे थांबवले आहे त्यांच्यासाठी. पाड्यांवर चालत जाणाऱ्या आशाताई, परिचारिका आणि आपल्या सेविकांसाठी. आणि आळ सोसणाऱ्या बहिणींना उत्तर देण्याचे धैर्य मिळावे म्हणून.