बाळाला महागडी खेळणी नकोत, आपले बोलणे हवे

"मजुरीला जायचे की पोरांशी खेळत बसायचे?" वणी परिसरातील वस्त्यांमध्ये बालआरोग्यावर बोलायला बसलो की हा प्रश्न आम्हाला हमखास ऐकायला मिळतो. प्रश्न खरा आहे. ऑक्टोबरच्या छाटणीपासून एप्रिलच्या खुड्यापर्यंत द्राक्षबागेचे काम थांबत नाही. सकाळी गेलेली आई अंधार पडता घरी येते. म्हणून आम्ही वेगळा वेळ मागणार नाही. तुम्ही रोज करता त्याच कामांत मूल कसे शिकते, एवढेच सांगणार आहोत.

मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहा वर्षांपर्यंत होते, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये नमूद आहे. म्हणजे पहिलीत नाव घालण्याआधीच बराचसा पाया भरलेला असतो. तो पौष्टिक खाणे, झोप, माया आणि बोलणे यांनी भरतो. यासाठी पैसा लागतोच असे नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतल्या मुलांच्या दारात, अंगणातच शाळा न्यायची आणि पाने, बिया, खडे, शिंपले हीच साधने वापरायची, ही त्यांची रीत होती. आजची आपली अंगणवाडी त्याच वाटेने आली आहे.

रोजच्या कामातले खेळ

*जन्म ते ६ महिने :* अंगाला तेल लावताना, आंघोळ घालताना बाळाच्या डोळ्यांत बघून बोला. "आता हात धुऊ, आता पाय धुऊ." बाळाने हुंकार दिला की आपणही द्यावा आणि त्याच्या उत्तराची वाट पाहावी. संभाषण इथूनच सुरू होते.

*६ महिने ते १ वर्ष :* वाटी, पळी, झाकण द्या. ते आपटू द्या. पदराआड तोंड लपवून "कुठे गेली आई?" खेळा. वस्तू दिसली नाही तरी ती असते, हे बाळ यातून शिकते.

*१ ते ३ वर्षे :* भाकरी थापताना पिठाचा छोटा गोळा मुलाच्या हाती द्या. वाटेने जाताना बैल, शेळी, ट्रॅक्टर, डोंगर अशी नावे सांगा. मूल "पाणी" म्हणाले, तर आपण "थंड पाणी हवे का?" असे वाक्य वाढवून बोलावे.

*३ ते ६ वर्षे :* वाटाणे आणि राजमा वेगळे करायला लावा, पण जवळ बसूनच. कपड्यांच्या घड्या, ताटे मोजून मांडणे, यातून गणित येते. रात्री दिवे मालवण्याआधी एक गोष्ट सांगा. जातककथांतले हत्ती, माकडे, हरणे मुलांना फार आवडतात. गोष्ट अर्ध्यात थांबवून "मग काय झाले असेल?" असे विचारा.

हे सगळे आईनेच करायचे असे नाही. वडिलांनी दहा मिनिटे मुलाला मांडीवर घेऊन दिवसभरात काय काय झाले ते विचारले, तरी मूल खुलते.

मोबाईल

मूल जेवावे, रडू नये म्हणून हातात मोबाईल दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये. २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून अधिक नको, कमी असेल तितके चांगले. मोबाईल बोलतो, पण मुलाचे ऐकून घेत नाही.

आपल्या भागातले धोके

द्राक्ष गोल आणि निसरडे असते, ते लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकते. पाच वर्षांखालील मुलांना द्राक्षे धुऊन, उभी चिरून चार फोडी करूनच द्या. अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका. घास अडकला आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज फुटत नसेल तर डोके खाली करून पाठीवर, खांद्यांच्या मध्ये पाच थापा मारा आणि १०८ ला फोन करायला लावा. घशात न बघता बोट घालू नका. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे पाण्यासाठी किंवा खेळायला वापरू नका. शेततळ्याजवळ मूल एकटे जाऊ देऊ नका.

थांबू नका, दाखवा

सहा महिन्यांचे बाळ आवाजाकडे वळत नसेल, दीड वर्षाचे मूल चालत नसेल, दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल किंवा येत असलेली गोष्ट विसरत असेल, तर "बोलेल हळूहळू" म्हणत बसू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा मोफत तपासणी होते. आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना आजच सांगा. लवकर कळले तर उपचाराचा फायदा जास्त होतो.

शेवटी एक कळकळीची विनंती. धाकट्याला सांभाळायला मोठ्या मुलीची शाळा बुडवू नका. एकाचे बालपण घडवताना दुसरीचे शिक्षण जाता कामा नये. तीन वर्षांवरील मूल रोज अंगणवाडीत पाठवा. त्याहून लहान असेल तर शेजारच्या चार घरांनी मिळून, आजी किंवा मावशीकडे पाळीने सांभाळण्याची सोय करावी. पुढच्या रविवारी विहारात जमाल तेव्हा निदान यावर बोला. खुडा सुरू होण्याआधी ठरले तर यंदा एकाही मुलीला घरी बसावे लागणार नाही.