ऑनलाइन कोर्स मोबाईलवर, पण शिकणं चौघांत



माझ्या फाईलमध्ये ऑनलाइन प्रशिक्षणाची बरीच प्रमाणपत्रे आहेत. प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, तारखेप्रमाणे लावलेली. यातल्या किती प्रशिक्षणांमुळे वर्गात काही बदललं, असं कोणी विचारलं तर मात्र एका हाताची बोटंसुद्धा जास्त होतील.

खरं सांगायचं तर एका प्रशिक्षणाचे व्हिडिओ मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोबाईल ठेवून पूर्ण केले. आवाज बंद, पट्टी पुढे सरकतेय एवढंच बघायचं. शेवटच्या चाचणीची उत्तरं आधीच मोबाईलवर फिरत होती. पहिल्याचं क, दुसऱ्याचं ब, असं. मला ८५ टक्के पडले. तो घटक वजाबाकीचा होता. पुढच्याच आठवड्यात माझ्या तिसरीच्या वर्गात ५२ − २८ या उदाहरणाचं उत्तर निम्म्या मुलांनी ३६ लिहिलं, आणि ते का लिहिलं हे मला सांगता येईना. प्रमाणपत्र तर होतं!

म्हणून आजचा विषय: ऑनलाइन कोर्स आणि गटात शिकणं यांची सांगड कशी घालायची. नोकरीत असताना घेतलेल्या प्रशिक्षणाचं हे दुखणं शिक्षकांपुरतं नाही. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी ‘आयगॉट कर्मयोगी’ हे व्यासपीठ आहे. बँकेत, आरोग्य खात्यातही असे कोर्स चालतात. पण आपण आपल्या शाळेचं बोलू, कारण तिथलं मला माहीत आहे.

आधी काय होतं, आता काय आहे

पूर्वीच्या प्रशिक्षणात राज्यस्तरावर काही जण शिकायचे, ते जिल्ह्याला शिकवायचे, जिल्हा तालुक्याला आणि तालुका केंद्राला. कालव्याचं पाणी टेलला पोहोचेपर्यंत जेवढं उरतं, तेवढंच ज्ञान घाटाखालच्या एखाद्या वस्तीशाळेपर्यंत पोहोचायचं. २१ ऑगस्ट २०१९ ला ‘निष्ठा’ सुरू झालं तेव्हा देशातल्या ४२ लाख शिक्षक व मुख्याध्यापकांपर्यंत जाण्याचं उद्दिष्ट होतं आणि प्रशिक्षण समोरासमोर होतं. मग कोरोना आला. ऑक्टोबर २०२० पासून तेच ‘दीक्षा’वर ऑनलाइन सुरू झालं. पुढे निपुण भारत अभियानासोबत २०२१ मध्ये पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानावरचे १२ कोर्स आले.

याचा फायदा नाकारून चालणार नाही. पुण्याच्या शिक्षकाला जो व्हिडिओ दिसतो तोच संग्रामपूरच्या शिक्षकाला दिसतो, मध्ये गळती नाही. नीट समजलं नाही तर परत बघता येतो. नेटवर्क नसेल तर रेंज असलेल्या ठिकाणी दीक्षा ॲपवर डाउनलोड करून ठेवता येतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांना ही सोय किती मोलाची आहे, ते तिथे नोकरी केलेल्यांनाच कळेल.

पण पाणी टेलला पोहोचलं म्हणजे शेत भिजलं असं होत नाही. दारं धरणारा लागतो.

हे आपल्याला नवीन नाही

आठवून बघा, डी.एड.ला आपण शिकवायला कसे शिकलो? पुस्तकातून थोडंच. सराव पाठ असायचे. रात्री जागून पाठ टाचण काढायचं, तक्ते रंगवायचे, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पाठ घेताना मागच्या बाकावर आपलेच चार-पाच सोबती निरीक्षण वही घेऊन बसलेले. “फलकलेखन तिरपं गेलं”, “प्रश्न विचारून उत्तरही तूच दिलंस”. राग यायचा, पण दुसऱ्या पाठात ती चूक होत नव्हती. नोकरी लागली आणि मागचा बाक रिकामा झाला. आता वर्गात मी आणि मुलं. तपासणीला कोणी आलं तर दप्तर बघतात, पाठ क्वचितच.

एमएस-सीआयटीही अनेकांनी केलं असेल. एमकेसीएल ही संस्था २००१ साली स्थापन झाली आणि तिचा हा कोर्स गावोगाव पोहोचला. त्यात धडा संगणकावरच असायचा, पण तो आपण केंद्रावर जाऊन, ठरलेल्या वेळी, बाजूला बसलेल्याला “अरे, हे कसं केलंस?” विचारत शिकलो. मी तरी माऊस धरायला सरांपेक्षा शेजारणीकडून जास्त शिकले.

बाहेरच्या जगातही लोक फिरून इथेच आले. २०१२ च्या सुमारास अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांनी मोफत ऑनलाइन कोर्स काढले. लाखो लोकांनी नावं नोंदवली, पण शेवटपर्यंत पोहोचणारे बहुतेक कोर्समध्ये दहातला एकही नसायचा. तेव्हा पीअर टू पीअर युनिव्हर्सिटी नावाच्या संस्थेने २०१५ मध्ये शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयासोबत साधी गोष्ट केली. कोर्स ऑनलाइनच ठेवला, पण तो करणाऱ्यांना आठवड्यातून एकदा ग्रंथालयात एका टेबलाभोवती बसवलं. गट चालवणारा त्या विषयातला तज्ज्ञ नसायचा, बरेचदा ग्रंथपालच. हे वाचून मला धीर आला. तज्ज्ञ व्हिडिओत आहेच. आपल्याला हवा फक्त लोकांना जमवणारा आणि वेळेवर सुरू करणारा माणूस.

आमचा शनिवारचा गट

आमच्या भागात चार शाळा पाच किलोमीटरच्या आत आहेत. दोन शाळा द्विशिक्षकी. अशा शाळेत एक जण मीटिंगला गेला की दुसऱ्यावर सगळे वर्ग. तिथे ‘स्टाफरूममध्ये चर्चा करा’ हे वाक्य ऐकून हसू येतं. त्यामुळे आम्ही सहा जणांनी ठरवलं की शनिवारची सकाळची शाळा सुटली की पंधरा दिवसांतून एकदा कोणत्या तरी एका शाळेत दीड तास बसायचं.

पहिल्या बैठकीत चूक केली. अख्खा व्हिडिओ एकदम लावला. एक सर पेंगले, दोघी वह्या तपासत बसल्या, चहा झाला, घरी गेलो. घरी एकट्याने बघण्यापेक्षा हे वाईट!

दुसऱ्या वेळी क्रम उलटा केला. व्हिडिओ प्रत्येकाने घरी बघून यायचा. बैठकीला येताना आपल्या वर्गातल्या पाच मुलांच्या वह्या आणायच्या, त्याही चुकलेल्या उदाहरणांच्या. बरोबर आलेल्या वह्या कोणी आणू नये असा नियमच केला, कारण आपल्याला चांगल्या वह्या दाखवायची सवय असते.

टेबलावर वह्या मांडल्या आणि तासाभरात जे झालं ते मी विसरणार नाही. ५२ − २८ चं उत्तर माझ्या मुलांनी ३६ लिहिलं होतं. शेजारच्या शाळेतल्या मॅडमच्या मुलांनी ३४ लिहिलं होतं. मी एकटी असते तर दोन्हीवर लाल फुली मारून “हातचा विसरला” असं म्हटलं असतं. पण शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं की या दोन निराळ्या चुका आहेत.

३६ लिहिणारं मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढतं. ८ मधून २ गेले ६, ५ मधून २ गेले ३. त्याला २ मधून ८ जात नाहीत तेव्हा काय करायचं हा प्रश्नच पडलेला नाही. ३४ लिहिणाऱ्याला तो पडलाय. त्याने दशक सोडला, १२ मधून ८ काढून ४ लिहिले, पण दशकाच्या घरात ५ चे ४ करायचे राहिले. पहिल्याच्या हातात काड्या द्यायला हव्यात. दुसऱ्याने काड्या बरोबर हाताळल्यात, त्याचं अडतंय लिहिण्यात.

व्हिडिओत दहा-दहा काड्यांचे गठ्ठे दाखवले होते. पण काड्या हाताळणं आणि वहीत लिहिणं या दोन्हींची गाठ कशी मारायची, हे आमच्या सहा जणांपैकी एका सरांनी सुचवलं. मुलांच्या जोड्या करा. एकाने फक्त काड्या हलवायच्या, दुसऱ्याने फक्त लिहायचं. काड्यावाल्याने गठ्ठा सोडला की लिहिणाऱ्याने ताबडतोब ५ खोडून ४ करायचे, नाहीतर काड्यावाल्याने पुढे जायचं नाही. काड्यांसाठी तुराट्या होत्याच, आपल्याकडे त्याला काय तोटा! पुढच्या आठवड्यात चारही शाळांत हे करून बघितलं. माझ्या वर्गात भांडणं झाली, “मॅडम, हा खोडतच नाही!” पण ते भांडण गणिताचं होतं.

आणखी एक गंमत. एका शाळेत ‘उसना घेणे’ असं शिकवत. तिथल्या एका मुलीने विचारलं, “दशकाकडून उसना घेतला, मग परत कधी द्यायचा?” उसनवारी घरात रोज ऐकणाऱ्या लेकराचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्या दिवसापासून आम्ही सगळ्यांनी तो शब्द सोडला, आता ‘गठ्ठा सोडणे’ म्हणतो. हा प्रश्न कोणत्याही व्हिडिओत नव्हता.

अडचणी आल्याच

सगळं गोड चाललं असं नाही. एका बैठकीला वह्या कोणीच आणल्या नाहीत, आणि दीड तास बदल्या आणि अशैक्षणिक कामं यावरच गेला. त्याचीही गरज असते म्हणा, पण शिकणं झालं नाही. वह्या असतील तरच गप्पा वर्गावर येतात, हे तेव्हा लक्षात आलं.

गटातले एक ज्येष्ठ गुरुजी सुरुवातीला प्रत्येक गोष्टीवर म्हणायचे, “आम्ही पंचवीस वर्षांपासून हेच करतोय.” बाकीचे गप्प बसत. एकदा मीच म्हटलं, “गुरुजी, मग माझ्या वर्गात एक पाठ घेऊन दाखवता का? आम्ही मागे बसतो.” ते तयार झाले. मागच्या बाकावर आम्ही पाच जण, डी.एड.सारखे. त्यांनी चाळीस मिनिटांत मुलांना फारसं सांगितलंच नाही, फक्त विचारलं, आणि उत्तराची वाट बघितली. किती वेळ वाट बघितली! मला तेवढं गप्प राहणं अजून जमत नाही. पाठानंतर त्यांनी आपणहून विचारलं, “मागच्या रांगेतली दोन पोरं हरवली होती ना?” त्या दिवसानंतर ते वाक्य परत ऐकू आलं नाही.

मोठी अडचण मात्र तारखांची. कोर्सला शेवटची तारीख असते. तीन-चार तासांचा कोर्स त्या मुदतीत चाचणीत ७० टक्के मिळवून संपवायचा असतो. आमचा गट एका घटकाला तीन-तीन आठवडे घेतो. यावर आमच्याकडे उत्तर नाही, तडजोड आहे. मुदतीत कोर्स पूर्ण करून प्रमाणपत्र घेतो आणि मग तोच कोर्स गटात पहिल्यापासून, सावकाश करतो. दुप्पट काम वाटेल. पण राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये वर्षाला ५० तासांचं व्यावसायिक विकासाचं प्रशिक्षण अपेक्षित आहे, आणि ते ५० तास पडद्यापुढे गेले काय नि वर्गासाठी गेले काय, आयुष्यातून सारखेच वजा होतात.

व्हॉट्सॲप ग्रुपवर हे का होत नाही, असंही एकांनी विचारलं. आम्ही करून बघितलं. वहीचा फोटो टाकला की खाली तीन अंगठे, आणि वर वाढदिवसाच्या शुभेच्छा. त्यात एखादी ‘तात्काळ’ माहिती मागवलेली असतेच. वहीचा फोटो शोधायलाच पाच मिनिटं लागतात.

माझं मत विचाराल तर वेगळा गट काढायचीही गरज नाही. केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला ठरलेली आहे. त्यातला एक तास, फक्त एक, वह्यांसाठी मिळाला तरी पुरे. सूचना परिपत्रकातून वाचता येतात, त्यासाठी कोणी वीस किलोमीटर गाडी चालवून यायला नको. गट मात्र सहा-सात जणांचाच ठेवावा, पन्नास जणांच्या हॉलमध्ये चुकलेली वही कोण बाहेर काढणार?

आमची पुढची बैठक या शनिवारी आहे. विषय ४०२ − १५८, म्हणजे मधलं शून्य. आतापर्यंत दोन उत्तरं हाती आली आहेत, ३५६ आणि २५४. ३५६ कुठून आलं ते आम्हाला कळलंय, तो ३६ वाल्याचाच भाऊ आहे. २५४ वर अजून वाद चालू आहे. एका मॅडमचं म्हणणं, मुलाने शून्य ओलांडून शतकाचा गठ्ठा थेट एककात सोडला. ज्येष्ठ गुरुजी म्हणतात, त्या मुलालाच काड्या देऊन करायला लावा आणि बघा. शनिवारी ते मूल शाळा सुटल्यावर थांबणार आहे, त्याच्या आईला विचारून ठेवलंय.