पांढऱ्या घोडीचं काळं शिंगरू

(भुसावळ. मामा निवृत्त पशुवैद्य, भाचा बारावीला.)

भाचा : मामा, आपल्या गल्लीतल्या बँडवाल्याच्या पांढऱ्या घोडीला काळं शिंगरू झालं. सारंगखेड्याच्या यात्रेतून नुकरा म्हणून आणली होती. आता म्हणतो, फसवलं!

मामा : घोडीच्या नाकपुड्या, ओठ कसे आहेत?

भाचा : काळे.

मामा : मग ती नुकरा नाहीच, सब्जा आहे. नुकरा जन्मतःच पांढरा, कातडी गुलाबी. सब्जा जन्मतो काळा, कुमाईत, तांबूस, कसाही. पुढे वर्षागणिक केस पांढरे होत सहा-आठ वर्षांत पुरता पांढरा होतो. कातडी तेवढी काळी राहते. दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीकाठी एवढे घोडे उभे असतात, गिऱ्हाईक चाल बघतं, भोवरे बघतं. ओठ कोण बघतो!

भाचा : पण शिंगराचा बाप तर कुमाईत होता म्हणे.

मामा : असू दे ना. घोड्याच्या अंगात रंगद्रव्यं दोनच, काळं आणि तांबूस. काळं तयार करायचं काम एका जनुकाकडे. आईकडून आणि बापाकडून, त्याच्या दोन्ही प्रती निकामी आल्या की आयाळीसकट सगळं अंग तांबूस. दुसरं जनुक ते काळं आयाळ, शेपूट आणि पायांपुरतंच ठेवतं, तो कुमाईत. पहिलं शाबूत असून हे दुसरं दोन्हीकडून निकामी आलं, तर घोडा काळाकुळकुळीत. म्हणून दोन कुमाइतांपोटी काळं किंवा तांबूस शिंगरू येऊ शकतं. दोन तांबड्यांपोटी काळं मात्र कधीच नाही. तसं झालं तर खुशाल बापाची चौकशी करावी!

भाचा : मग घोडीचा पांढरा रंग कुठून आला?

मामा : तो मूळ रंगावर नंतर चढतो. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं, की सब्ज्यांच्या एका जनुकात सुमारे ४,६०० अक्षरांचा तुकडा दोनदा आलेला असतो. आईबापांपैकी एकाकडून मिळाला तरी पुरतो. जगभरच्या सब्ज्यांत तुकडा तोच. म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच घोड्यापासून तो पसरला असणार.

भाचा : म्हणजे हे शिंगरूही पांढरं होणार?

मामा : घोडीला तो तुकडा दोन्हीकडून आला असेल तर नक्की. एकीकडूनच आला असेल, तर निम्मी शक्यता. डोळ्यांभोवती राखाडी केस दिसायला लागले की समज, बँडवाल्याला वरातीसाठी आणखी एक पांढरं जनावर मिळालं. घोडीचं वय काय?

भाचा : दात बघून पंधराच्या पुढे सांगितलंय.

मामा : मग आधी तिच्या शेपटीखाली हात फिरवायला सांग. त्याच तुकड्यामुळे सब्ज्यांना तिथं काळ्या गाठी येतात. पंधरा वर्षांपुढच्या ७० ते ८० टक्के सब्ज्यांत त्या सापडतात. पुष्कळ गाठी वर्षानुवर्षं तशाच पडून असतात, पण एखादी वाढायला लागली तर दवाखाना गाठावा लागतो. यात्रेतल्या व्यापाऱ्याशी भांडण काय, पुढच्या दत्तजयंतीलाही करता येईल.